आठ सेकंदांत

"जनरेटर त्रास देतोय का, कुंदामावशी?" मी विचारलं. दुकानदाराला हँडल मारायचा, मंगल कार्यालयाला आवाज न करणारा, पेशंटच्या घराला आपोआप सुरू होणारा. गिऱ्हाईक बघून मशीन देण्यात माझा हात कुणी धरणार नाही. इथे मावशींच्या आजारी मुलाच्या ऑक्सिजनसाठी मीच बसवला होता. लाइट गेली, की आठ सेकंदांत सुरू.

"त्रास कसला! फक्त त्याचं आपोआप सुरू होणं बंद कर."

तेवढ्यात लाइट गेली. अंगणात जनरेटर घरघरला. मावशी ताडकन उठून मुलाच्या खोलीकडे धावल्या आणि दारातच थबकल्या. आत खाट भिंतीला उभी टेकवलेली होती.

"त्याला जाऊन महिना झाला," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "पण हा सुरू झाला, की माझे पाय ऐकत नाहीत रे."