साधा फॉन्ट

शाळेच्या हस्तलिखित अंकात यशोधराची गोष्ट दरवर्षी असायची, पण तिचं अक्षर किरटं, म्हणून गुरुजी ती वर्गातल्या माधुरीकडून उतरवून घ्यायचे. पाहुणे पानं चाळत म्हणायचे, “वा, काय मोत्यासारखं अक्षर!” गोष्टीबद्दल कुणी बोलायचं नाही आणि ते गुरुजींना सलायचं. नव्याण्णव साली राहुरीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शाळेची वेबसाइट होऊ लागली, तेव्हा त्यांनी यशोधरालाच पुढं बसवलं. तयार साच्यात तिची गेल्या वर्षीची शेळीची गोष्ट टाकली होती. फॉन्ट निवडायचा होता. तिनं नक्षीदार पाहिला, तिरपा पाहिला. “सावकाश बघ, पोरी,” गुरुजी म्हणाले. शेवटी तिनं सगळ्यांत साधा घेतला आणि थोडा मोठा केला. मागून माधुरी वाचता वाचता खो-खो हसली. “शेळीनं गुरुजींची टोपी खाल्ली? यशे, लई भारी लिव्हलंय!” “अगं, तूच उतरवली होतीस ना!” “उतरवली गं. वाचली आज!”