वरचा गिझर

मिक्सर मध्येच बंद पडला आणि स्वयंपाकघरातला दिवाही गेला, तेव्हा वरच्या गिझरनेच मान टाकली असणार हे तिने ओळखलं.

"थंड पाण्याने आंघोळ करणार का आता पोरगा?" फिरून आलेल्या नवऱ्याला तिने विचारलं.

"करेल की. तरणाताठा आहे."

"एवढ्या गारठ्यात? मेकॅनिकला बोलवा."

"बघतो," म्हणत त्याने पेपरात तोंड खुपसलं. तो 'बघतो' म्हणाला की ते काम नुसतं बघतच बसायचा, हे तिला पाठ झालं होतं.

त्या भागातलं पाणीच मुलखाचं जड. नळांच्या तोंडाशी पांढरी पुटं चढायची, किटलीत खडे खुळखुळायचे, वॉशिंग मशीनची कॉइल दोनदा बदलून झाली होती. "आमच्याकडे नळाला खडू येतो," असं नवरा पाहुण्यांना सांगायचा. ती व्हिनेगर आणि लिंबूसत्व घेऊन घरभर घासत हिंडायची. वरच्या गिझरला मात्र तिचा हात लागत नव्हता, कारण ती वर जातच नव्हती.

वर तिचा मुलगा राहायचा. दीड वर्षांपूर्वी तिची आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा हिला गाडीने तिकडे न्यायचं त्याने कबूल केलं होतं. आणि पठ्ठ्या फोन बंद करून मित्राकडे झोपून राहिला. ती कशीबशी पोचली तेव्हा आईचा चेहरा झाकलेला होता. "पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर येऊ नकोस," ती त्याला म्हणाली होती. पोरगा हट्टात तिच्याही वरताण. तो शब्द धरून बसला. खाली पाऊल नाही, येणं-जाणं मागच्या जिन्याने.

मधे नवरा. भरलेला डबा वर न्यायचा, चाटूनपुसून रिकामा झालेला खाली आणायचा. या काळजीने त्याची भूक गेली होती, पानात दोन घास कसेबसे खायचा. पोट मात्र सुटतच चाललं होतं. रोज फिरायला जाऊन पोट सुटणारा जगातला एकमेव माणूस, असं ती त्याला चिडवायची.

तिचा राग केव्हाच ओसरला होता. उरला होता तो नुसता ताठा. सकाळी नवरा फिरायला बाहेर पडला की थोड्या वेळाने वरचा गिझर खदखदायला लागायचा. क्षारांनी भरलेला गिझर तसाच कुरकुरतो. मग भिंतीतल्या पाइपातून पाणी सुटायचं. हातातलं काम ठेवून ती ऐकायची. उठला. आंघोळ करतोय. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

नवरा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्याचं पाहून तिने स्वतःच मेकॅनिकला फोन केला. बाथरूम जिन्याच्या माथ्यालाच होतं. पलीकडच्या खोलीला कुलूप आहे, असं मेकॅनिकने वरूनच सांगितलं, म्हणजे मुलगा कामावर गेलेला. मेकॅनिकने बराच वेळ ठोकाठोकी केली आणि बादली घेऊन तो खाली आला.

"काकू, ही कॉइल आहे की मुळा?" त्याने पांढरीफटक कॉइल वर धरली. "वर किती माणसं राहतात?"

"मुलगा एकटाच."

"मग तासन् तास आंघोळ करतो वाटतं."

"लहानपणापासून तसाच. दार बडवल्याशिवाय बाहेर यायचा नाही." किती दिवसांनी ती कुणाशी त्याच्याबद्दल बोलत होती. तिला बरं वाटलं.

"शॉवर पार बुजलाय पण. त्यातून थेंब यायचा नाही."

ती जरा थबकली. शॉवरशिवाय त्याचं चालत नसे. "बादलीने करत असेल आता. बापाच्या वळणावर गेला."

"पोरगा टापटिपीचा हो. आरशावर पाण्याचा एक डाग नाही. या भागात असं बाथरूम मी पाहिलं नाही."

"आंघोळ झाली की फडका मारायची सवय मीच लावली त्याला," ती म्हणाली. मेकॅनिक हत्यारं आवरू लागला.

नवरा आला तेव्हा गिझर दुरुस्त झाल्याचं ऐकून त्याचा चेहराच उतरला.

"तू वर गेली होतीस?"

"मी कशाला जातेय?"

तो खुर्चीत बसला. "मी करणार होतो ना. उगाच घाई केलीस," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फिरायला गेला आणि ती सिंकपाशी कान देऊन उभी राहिली. वरून खदखद आलीच नाही. मग तिला आठवलं, गिझर आता साफ आहे. तेवढ्यात पाइपातून पाणी सुटलं.

तिला भडभडून आलं. आई गेली होती, ती काही परत येणार नव्हती. जे माणूस आहे ते डोक्यावर राहत होतं, आणि आपण भिंतीला कान लावून दिवस काढतोय. तिने दोरीवरचा टॉवेल ओढला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी मागचा जिना चढली.

बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाणी वाहत होतं.

"ऐकतोस का," ती बाहेरूनच म्हणाली. "मी आलेय. चुकलं माझं. आजी थकलेलीच होती रे, तू वेळेवर आला असतास तरी ती गेलीच असती. मी सगळं खापर तुझ्यावर फोडलं. आज खाली ये. माझ्यासमोर बसून जेव."

पाणी वाहतच राहिलं.

"बरं, नको बोलूस. टॉवेल तरी घे," म्हणत तिने दार हळूच ढकललं.

बादली भरून वाहत होती. शेजारी स्टुलावर, अंगातल्या कपड्यांनिशी, एक हात नळावर ठेवून तिचा नवरा बसला होता.