डाव्या पायाचे बूट

"आणि मग अख्खी छावणी गोल गोल फिरायला लागली," गोदामकाका म्हणाले. "दोन्ही पायांत डावाच बूट घातला की माणूस वळणार कुठे? डावीकडेच. सकाळी पाण्याला निघालेली बाई संध्याकाळी हंडा घेऊन आपल्याच तंबूत."

सगळं ऑफिस खोखो हसत असतानाच नव्या संचालिका दारात उभ्या राहिल्या. काकांनी घाईघाईनं पुष्पगुच्छ पुढे केला. गुच्छ त्यांनीच बांधला होता, पोती शिवायच्या सुतळीनं. भूकंप-पुरात मोडलेली माणसं देशोदेशी पुन्हा उभी करणारी ही संस्था, आणि तिचं गोदाम काका तीस वर्षं सांभाळत होते. पुढच्या महिन्यात निवृत्ती होती. आणखी दोन वर्षं हवी असतील तर नव्या बाईंच्या मनात पहिल्याच दिवशी भरायला हवं होतं.

किस्सा तसा जुनाच. एकवीस वर्षांपूर्वी कारखान्याकडून बूट आले. डावे एका पोत्यात, उजवे दुसऱ्यात. गोदामाचा नियम असा, की नाडीला नाडी बांधून जोडी केल्याशिवाय पोतं शिवायचं नाही. तेव्हाच्या पॅकिंगवाल्या मावशींनी म्हणे नुसते डावेच रवाना केले. मावशींची नोकरी गेली आणि काकांना आयुष्यभर पुरेल असा किस्सा मिळाला. दरवर्षी तो वीतभर वाढायचा.

संचालिका बोलायला उभ्या राहिल्या. भाषणाचा कागद नव्हता. त्यांनी पिशवीतून एक बूट काढला आणि टेबलावर ठेवला. तपकिरी, टाच झिजलेला, डाव्या पायाचा.

कुणाचं तरी बिस्कीट चहात तुटून पडलं, तेवढाच आवाज झाला.

संचालिका तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. भूकंपात आईचा उजवा पाय गेला. छावणीत आई कनातीकडे तोंड करून पडून असायची. जेवायची नाही, लेकीला जवळ घ्यायची नाही. मग ते पोतं आलं. लोकांनी पाठवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लेकीनं मात्र त्यातला एक बूट उचलून आईच्या उशाशी नेऊन ठेवला.

"आई उठून बसली," संचालिका म्हणाल्या. "म्हणाली, बघ गं, इतक्या लांब कुणीतरी माझा विचार केला. एकच पाठवला, तोही बरोबर पायाचा. त्या बुटासाठी ती कुबड्यांवर चालायला शिकली. शेवटपर्यंत विचारायची, कोण असेल गं ते? म्हणून आधी तेवढंच विचारते. ते बूट कुणी पाठवले?"

साऱ्यांच्या माना काकांकडे वळल्या.

काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या दिवशी मावशी जोड्या बांधायलाच बसल्या होत्या. ट्रक सुटला की आपण सुटू, या घाईत काकांनी त्यांना उठवलं आणि हाताला लागलं ते पोतं स्वतः शिवलं. चौकशीला मावशींनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं, दाभण टेबलावर ठेवलं आणि निघून गेल्या. राहायला त्या मागच्याच गल्लीत. काका एकवीस वर्षं लांबच्या रस्त्यानं घरी जात होते आणि बायकोला सांगत होते, तेवढेच पाय मोकळे होतात.

आता 'मी' एवढं म्हटलं की झालं. ते खरंही ठरलं असतं आणि दोन वर्षंही पदरात पडली असती. हारतुरे वेगळेच.

काका उठले. टेबलावरच्या बुटाकडे त्यांना पाहवेना.

"मावशींनी पाठवले," ते म्हणाले.

एरवी प्रत्येक गोष्ट वीतभर वाढवून सांगणारे काका. पण एकवीस वर्षांपूर्वी चौकशीत मान ताठ ठेवून जे खोटं बोलले होते, तेच आज त्यांनी मान खाली घालून, एक शब्दही न वाढवता पुन्हा सांगितलं.