झटपट सॉस

सॉस जितका घट्ट, तितका त्यातला बुडबुडा फुटायला वेळ घेतो. पातेल्यातले बुडबुडे आता चांगलेच आळसावले होते.

"झालाच," लेक म्हणाला. "जेवताना तुम्हाला एक सांगायचंय."

तो मीठ घ्यायला वळला. आईने हळूच पेलाभर पाणी पातेल्यात ओतलं.

"पुन्हा पातळ?"

"टोमॅटोच मेले तसले. शिजू दे अजून."

हा झटपट खिमा सॉस गेल्या रविवारी चढवला होता. त्यानंतर गॅसचा सिलिंडर बदलून झाला, उकडलेला पास्ता दरवेळी शेजारच्या कुत्र्याला गेला आणि कुत्रं आता जेवणाच्या वेळेला दारात येऊन बसू लागलं. बाबांनी तर टेबलावरून न उठता दाढीसुद्धा केली.

आज सॉस पुन्हा घट्ट झाला. आई वाफेने धुरकटलेला चष्मा पुसू लागली. लेकाने तिच्याकडे एकदा पाहिलं, पेला उचलला आणि स्वतःच पातेल्यात पाणी ओतलं.

बाबा उठले. त्यांनी गॅस बंद केला.

"पुरे करा दोघंही. अगं, तो पुढच्या महिन्यात वेगळा राहायला जातोय. आता वाढा."