मागच्या सीटचा पट्टा

वाळवंटातल्या अभयारण्यातून जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी चारुदत्तच्या गाडीवर एक हरीण येऊन आदळलं. निदान तो स्वतःला तसंच सांगत होता. आरशात ते पाय झाडताना दिसलं, पण मागून गाड्या येत होत्या, म्हणून तो थांबला नाही. घरी त्याने अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो मुलीला, शुभ्राला, शाळेत सोडायला निघाला आणि अल बर्शाच्या सिग्नलपाशी गाडी टिंग टिंग करू लागली. मागच्या उजव्या सीटवर कुणीतरी पट्टा न लावता बसलंय, असं ती दाखवत होती. शुभ्रा तर डावीकडे होती, पट्टा लावून.

“दप्तर ठेवलंस का गं तिथे?”

“नो बाबा, इट्स ऑन माय लॅप.”

टिंग टिंग काही थांबेना. चारुदत्तने वैतागून गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खटकन लावून टाकला. “खलास!”

आवाज थांबला. पण पट्टा सीटला टेकला नाही. वीतभर वरच, ताणलेला राहिला.

शुभ्राने त्या पट्ट्याखाली अलगद हात घातला.

“बाबा,” ती कुजबुजली, “इट्स स्टिल ब्रीदिंग.”