चिनी बाईचं कुंकू

देवपूजा आटोपून यज्ञेश्वरांनी बोटावर उरलेलं कुंकू रोजच्यासारखं भिंतीवरच्या चित्रातल्या बाईच्या कपाळाला टेकवलं. रेशमी कापडावरचं ते चित्र त्यांच्या वडिलांनी जहाजावर नोकरीला असताना कुठल्याशा बंदरातून आणलेलं. घरात तिला सगळे चिनी बाई म्हणत.

“अहो बाबा, चिनी बाईला कुंकू कशाला? चित्र खराब होतंय,” स्पृहा चपला घालता घालता म्हणाली.

“सरस्वती आहे ती. हातातली वीणा दिसत नाही?”

“वीणेला भोपळा असतो. हिचा कुठाय?”

“त्या दिवशी मंडईत मिळाला नसेल.”

हिंजवडीची बस चुकेल म्हणून ती तशीच निघाली. संध्याकाळी परतली तेव्हा देवापुढची फुलं अजून टवटवीत होती. बाबा नव्हते.

बाबांच्या पश्चात, थंडी सरता सरता तिने सौमित्र लेल्यांना घरी बोलावलं. ते जपानी शिकवत आणि जुन्या चित्रांच्या नादी लागलेले होते.

“बाबांच्या हातून बिघडलंय हो,” ती आधीच म्हणाली. “तेवढा डाग निघतोय का बघा.”

लेल्यांनी चित्र जेवणाच्या टेबलावर अंथरलं, बॅटरी तिरपी धरून पाहिलं.

“जपानी आहे. हे वाद्य म्हणजे बिवा.”

“म्हणजे वीणा नाही.”

“नाही.”

जिंकल्याचं तिला बरं वाटलं नाही.

लेल्यांचं भिंग बाईच्या पायांपाशी थांबलं. “आणि हे काय?”

“पदराची कड.”

“नीट बघा. डोळा आहे त्याला.”

ती वाकली. इतकी वर्षं पदर वाटलेला तो एक पांढरा साप होता.

“नुसती बिवा असती, तर दरबारातली कुणीही असू शकली असती,” लेले म्हणाले. “पण सोबत पांढरा साप, म्हणजे बेंझाइतेन. विद्येची, संगीताची देवी. मूळची इथलीच. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे तिकडे गेली. आपण तिला सरस्वती म्हणतो.”

स्पृहाने बाईच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं.

“शिक्का पुसट आहे. चित्रकार कोण ते शोधावं लागेल, वेळ लागेल, पण आशा आहे. आणि कुंकवाचं म्हणाल तर रेशमावरचे डाग काढणाऱ्या एक बाई आहेत माझ्या ओळखीच्या.”

“चित्रकार शोधू या,” ती म्हणाली. “कुंकू राहू द्या.”

लेले गेल्यावर तिने चित्र पुन्हा खिळ्याला लावलं. देवघरातून कुंकवाचा करंडा आणला, पण झाकण न उघडताच परत ठेवला. एक फूल तेवढं चित्राखाली ठेवलं.

“बाबा, तुमचं बरोबर होतं,” ती मोठ्याने म्हणाली. हे वाक्य या घरात तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं.

मग जरा थांबून म्हणाली, “मंडईचं सोडून.”