आखूड पिवळा

सिग्नल पिवळा झाला की साधारण सेकंदाभरात पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागतात. चालकाला पिवळा दिसून त्याचा पाय ब्रेकवर जायला तेवढाच वेळ लागतो. शाळेजवळच्या चौकातलं चित्रण थांबवत थांबवत ती आठवडाभर हेच मोजत होती. या चौकातला पिवळा फार आखूड आहे, दिसेपर्यंत लाल होतो, अशी नातीला रोज गाडीने शाळेत सोडणाऱ्या तिच्या बाबांची वर्षभराची तक्रार होती. ती खरी ठरावी म्हणूनच तिने अभ्यासाला हा चौक निवडला होता.

"मॅडम, ही एक गाडी वगळू या का?" शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने विचारलं. "बाकी सगळे आरामात थांबलेत. ही लाल लागल्यावरही सरळ निघून गेली. उगाच आपले आकडे बिघडवतेय."

तिने चित्र मोठं केलं. गाडीच्या मागच्या काचेत दोन वेण्या दिसत होत्या. त्या सकाळी तिनेच घातल्या होत्या.

"नको," ती म्हणाली. "राहू दे ती."

संध्याकाळी बाबांनी दारातच गाठलं. "काय शास्त्रज्ञबाई, निघालं ना माझं खरं? सांगा तुमच्या साहेबांना, सिग्नल माणसांसाठी लावा म्हणावं, विमानांसाठी नको!"

आतल्या खोलीत मुलगी मोठ्याने धडा वाचत होती. वर्षभर ओठांवर येऊन परत गेलेलं वाक्य तिने या वेळी अडवलं नाही.

"पिवळा पुरेसा आहे, बाबा. गाडीची किल्ली माझ्याकडे द्या."